घाटावरचं वाळवण

सोनूबाईंनी सकाळी एक लुगडं आणि एक परकर बादलीत घातला आणि त्या कोल्हापूरच्या वेशीवरल्या तळ्याच्या घाटावर आल्या. शेजारणी आता घरी मशीनवर धुणं धुवत. घाटावर त्या एकट्याच उरल्या होत्या.

घाटाच्या जागी हॉटेल बांधू पाहणाऱ्यांचा माणूस पायरीवर उभा होता. "आक्का, उद्या म्हापालिकेचे साहेब पाहणीला येणार हाईत. घाट वापरात न्हाय, असं सांगितलंय आमी."

"मग मी काय भूत हाय?"

तो हसला. "एका लुगड्यासाठी एवढा घाट राखायचा व्हय? तुमाला मशीन देतो की!"

सोनूबाईंनी लुगडं पाण्यात बुडवलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी पेटीतली धुतलेली सगळी लुगडी आणि वारलेल्या नवऱ्याचे सदरे काढले. साहेब येण्यापूर्वी ते पुन्हा धुऊन त्यांनी पायरी न् पायरी वाळवणाने भरली.