मी पालथा होतो तोवर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना ते विचारू नका. ज्यांच्या राज्यात मी घडलो ते राजे गेले, त्यांच्या देवळांत वटवाघळं राहायला आली, तरी मी आहे. रंगानं काळा, एका अंगानं गुळगुळीत, आणि दुसऱ्या अंगावर नऊ ओळी. म्हणजे, होत्या.

आमच्या गावचा तलाव मोठा. एकदा त्याचा बांध फुटायला आला, तेव्हा पाणी सोडण्याचं काम करणारा चात्तन कारी बांधाखालच्या मोरीत उतरला आणि आपल्या अंगानं भगदाड बुजवून राहिला. बांध वाचला, तो काही वर आला नाही. मग देवळासमोर गावची सभा बसली. दरवर्षी मोरी उघडताना पहिला मानाचा विडा चात्तन कारीच्या वंशाला द्यायचा आणि सभेत त्यांना बसायला जागा द्यायची, असं तिनं ठरवलं. पाथरवटानं ते माझ्यावर कोरलं. शेवटच्या ओळीत त्यानं लिहिलं, की ही अक्षरं जो खोडील त्याला गंगेकाठी गाय मारल्याचं पाप लागेल. मला वाटलं, आता काळजी मिटली. दगडाची अक्कल ती किती असणार!

पुढं कुणीतरी मला उपटून तलावाच्या काठी पालथा टाकला. शेकडो वर्षं बायकांनी माझ्या पाठीवर धुणी आपटली, आणि पोटाशी नऊ ओळी मातीत सुखरूप राहिल्या. ग्रामपंचायतीची इमारत झाली तेव्हा मला उचलून तसाच पालथा दाराबाहेर कडुलिंबाखाली ठेवला.

मग सरपंचपद राखीव झालं आणि गावाबाहेरच्या चेरीतली, म्हणजे दलित वस्तीतली, इरुळायी निवडून आली. कचेरीत सागवानी खुर्ची एकच. तिच्यात उपसरपंच दुरैरासू बसायचा. इरुळायी बाहेर, माझ्यावर. कागद खिडकीतून यायचे, ती मांडीवर घेऊन सही करायची आणि खिडकीतून परत द्यायची. दुरैरासूला कॉफी पितळी पेल्यात, हिला कागदी कपात, तोही लांबूनच माझ्या कडेला टेकवलेला. पण ती बसायची मात्र ताठ. खरं सांगू? मला अभिमान वाटायचा. सरपंचाची खुर्ची मीच होतो.

तिचा सासरा सडैयन, चात्तन कारीच्याच वंशातला, आता मोरी उघडायचा. थंडगार पाण्यात बुडी मारून मोरीच्या तोंडातला खुंटा उपसायचा आणि दात वाजवत वर यायचा. तोवर काठावर दुरैरासूच्या डोक्याला मानाचं वस्त्र बांधून विडा त्याच्या हातात गेलेला असे. सडैयनच्या पंच्यात वरून दोन मुठी तांदूळ पडत.

गेल्या वर्षी फरशी बसवणाऱ्या गवंड्यानं मला उलटं केलं आणि अक्षरं उघडी पडली. दुरैरासूला आनंद मावेना. शेजारचं गाव मानाच्या विड्यावर हक्क सांगत होतं, आणि आपल्याच घराण्याचं नाव दगडावर निघणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्यानं तालुक्याहून जुनी लिपी वाचणारे निवृत्त मास्तर आणवले. मला चंदन फासलं, हार घातला, ढोल लावला, सगळा गाव गोळा केला. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू.

मास्तरांनी अक्षरांत पीठ भरलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. चात्तन कारीचं नाव आलं, त्याचं काम आलं, विडा आला, सभेतली जागा आली. ढोल केव्हाच थांबला होता. मास्तर बिचारे अक्षरांत रंगलेले, माणसांच्या तोंडांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मागं उभा असलेला सडैयन पुढं आला. "मास्तर, ते नाव परत वाचा की."

मास्तरांनी वाचलं. म्हाताऱ्यानं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तीन दिवसांनी येऊन कागदावर ठसा घेतो म्हणाले मास्तर, आणि दुरैरासूकडे मटणभात जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी छिन्नी आली. पण शेवटच्या ओळीतल्या शापामुळं वरच्या आळीतला एकही जण तिला हात लावेना. दुरैरासूलाही धीर होईना. मग त्याला सुचलं. त्यानं सडैयनला बोलावणं धाडलं.

"नाव तुमच्या घरातलं, तर पापही तुमच्याच घरात राहू दे," तो म्हणाला. मग इरुळायीकडे वळला. "तू सरपंच ना गं? मग हुकूम तूच दे सासऱ्याला. नाहीतर यंदा चेरीच्या शेतांना पाण्याची पाळी नाही."

चेरीच्या वाफ्यांत भाताची रोपं बोटभर वाढली होती. इरुळायी उभी राहिली. तिच्या अख्ख्या कारभारात तिचा एवढाच एक हुकूम झाला.

"मामंजी, खोडा."

सडैयनला वाचता येत नव्हतं, पण नाव कुठं आहे ते विचारावं लागलं नाही. काल जिथं बोट ठेवलं होतं तिथंच त्यानं छिन्नी लावली. मला दुखलं, मित्रांनो. पण प्रत्येक घावाआधी तो ते अक्षर बोटानं चाचपून घेत होता, त्यापुढं मला माझं दुखणं सांगायची लाज वाटते. आठ ओळी गेल्यावर दुरैरासूनं त्याला थांबवलं.

"शापाची ओळ राहू दे. कुणी खोडलंय ते देवाला कळायला पाहिजे."

ठरल्या दिवशी मास्तर आले. ताजा चुरा अजून माझ्या कडेला पडलेला होता. त्यांनी तो पाहिला, चष्मा पुसला आणि 'मजकूर झिजलेला, वाचता येत नाही' असं लिहून दिलं. त्याखाली सरपंच म्हणून इरुळायीनं सही केली. चेरीला पाणी मिळालं, सगळ्यांच्या शेवटी, निम्मी रोपं पिवळी पडल्यावर.

आता मी पुन्हा कडुलिंबाखाली आहे, या वेळी उताणा. "बस की इरुळायी, तुझाच तर दगड आहे," असं दुरैरासू खिडकीतून म्हणतो आणि हसतो. ती माझ्याकडे पाठ करून मातीत बसते आणि सह्या करते. आता ती ताठ बसत नाही.

जुन्या दगडांची काळजी घ्या, असं तुम्हाला शाळेत शिकवत असतील. माझी आता घेऊ नका. मी पालथा होतो, कुणी विचारत नव्हतं, तोवर धड होतो. माझ्यावर उरलेला शाप त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर आहे आणि तो मला पुसता येत नाही. एवढंच करा, की पाण्यात उतरलेल्या त्या माणसाचं नाव विसरू नका. चात्तन कारी. मोठ्यानं म्हणा एकदा. आमच्या गावात ते आता कुणी म्हणत नाही.