पुसायची कळ

मित्रांनो, मी एक जुनी कळ. पोटात उठते ती नव्हे. कळफलकावरची, वरच्या उजव्या कोपऱ्यातली, लिहिलेलं पुसून टाकणारी. माझ्यावरची अक्षरं केव्हाच झिजली. नवखा माणूस मला ओळखणार नाही, पण आत्याचं बोट न बघताही मला बरोबर गाठतं.

आम्ही सगळ्या बहिणी एकाच कारखान्यात घडलो. कुणीतरी आमच्यावर अक्षरं छापली आणि जिचं तिचं नशीब ठरलं. शेजारणींना लिहायचं काम मिळालं, मला पुसायचं. तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, असं आठवतं. आता तसं काही वाटत नाही.

आत्या शिवणकाम करते. खिडकीपाशी तिचं मशीन, त्याला लागून कापड बेतायचं टेबल आणि टेबलाच्या टोकाला आम्ही, कॉम्प्युटरसकट. आमच्या फटींत कायम दोऱ्याचे तुकडे अडकलेले. जुनी शिलाई मशीन वापरणाऱ्यांसाठी भाच्यानं तिला एक ग्रुप काढून दिला. टाका का सुटतो, सुटे भाग कुठे मिळतात, असं लोक तिथे एकमेकांना विचारायचे. भाचा आत्या म्हणायचा म्हणून सगळा ग्रुपच तिला आत्या म्हणू लागला, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

सुरुवातीला माझ्याकडे काम बेताचंच. एखादी वेलांटी चुकली तर पुसायची, एवढंच. मग जाहिराती घुसल्या. वजन उतरवा, घरबसल्या लखपती व्हा, अभिनंदन, आपली निवड झाली आहे. टाका का सुटतो म्हणून विचारावं, तर उत्तराला टकलावरचं औषध. लोक वैतागले. "आत्या, हा कचरा आवरा हो, नाहीतर आम्ही निघालो," असं लिहू लागले. तेव्हापासून नव्या माणसाचा संदेश आधी आत्यापुढे येतो. तिनं सोडला तर ग्रुपवर जातो, नाहीतर मी आहेच.

आत्यानं कंबर कसली. सकाळी मशीनवर बसण्याआधी पुसापुशी. ग्रुप लख्ख झाला. कुणी तसं लिहिलं की ती नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. कौतुक तिचं, झिजले मी. चालायचंच.

पुढे पुढे ती वाचेनाशी झाली. 'मोफत' दिसलं, पूस. 'शेवटची संधी' दिसली, पूस. सुया टोचून टोचून शिवणाऱ्या बाईच्या बोटाला घट्टा पडतो, तिथे मग काही लागत नाही. तेच बोट माझ्यावर पडायचं. त्यालाही काही कळायचं नाही आणि मलाही नाही.

"अगं, जरा बघून तरी पूस," कपड्यांच्या घड्या घालता घालता नवरा म्हणायचा.

"बघण्यासारखं असतं काय त्यात? तुम्हाला केस उगवायचेत का?"

नवरा डोक्यावरून हात फिरवून पुढची घडी घालायचा.

ग्रुपवर एक काजवाली होती. दुकानांच्या शर्टांना काजं करून देणारी, म्हणून ते नाव. तिच्या जुन्या मशीनचं शटल, म्हणजे खालचा दोरा फिरवणारा लहानसा भाग, मोडलं. तसलं शटल बनायचं कधीच बंद झालेलं. 'आत्या, घरात मिळवणारी मी एकटी. कुणाकडे पडलं असेल तर बघा ना,' असं तिनं लिहिलं. आत्यानं ओळखीतल्या एकालाही सोडलं नाही. काजवालीला रोज लिहायची, 'जरा कळ काढ, मिळेल.'

त्याच सुमारास एका नव्या माणसाचा संदेश आला. 'दुकान बंद! शेवटची संधी! जुन्या मशीनचे सर्व सुटे भाग मोफत! त्वरा करा!' आत्याच्या दातांत दोरा होता, नजर कापडावर. बोट आलं. दुसऱ्या दिवशी तोच संदेश पुन्हा आला. पुन्हा बोट. या खेपेला तिनं पाठवणाऱ्याला ग्रुपची दारंही बंद करून टाकली. न पुसताच पुसलं. माझं काय, दाबलं की खाली जायचं.

मग एकदा नवरा कापड आणायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. परत येऊन गठ्ठा ठेवता ठेवता म्हणाला, "तिकडे एक मशीन दुरुस्तीवाला म्हातारा दुकान सोडतोय. पाटी काय लावलीये, 'शेवटची संधी! सर्व सुटे भाग मोफत! त्वरा करा!' त्वरा केली ती भंगारवाल्यानं. कालच सगळं घेऊन गेला."

आत्याचं मशीन थांबलं. "पाटीवर काय होतं? परत सांगा."

त्यानं परत सांगितलं.

"शटलं होती का त्यात?"

"डबाभर होती म्हणे. कुठल्याशा ग्रुपवरही लिहिलं होतं त्यानं, तिथून कुणीतरी काढून टाकलं. म्हणाला, नको असतील लोकांना."

त्या म्हाताऱ्यानं जन्मभर लिहिलं ते आपल्या दुकानाच्या पाटीवरच. त्याला दुसरं कसं लिहिता येणार होतं?

आत्या चपला अडकवून तशीच भंगारवाल्याकडे गेली. माल वितळवायला गेला होता. ती रिकाम्या हातानं परत आली, तर काजवालीचा संदेश येऊन पडलेला. 'आत्या, शटल नको आता. मशीन वजनावर विकलं. दुकानात घड्या घालायचं काम धरलंय. तुम्ही माझ्यासाठी खूप धडपडलात.'

आत्या उत्तर लिहायला बसली. लिहिलं आणि मला दाबलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा दाबलं. उत्तर काही गेलं नाही.

जाहिराती अजून येतात. आत्या आता त्या टकलाच्या औषधापर्यंत सगळं नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवते. मगच बोट माझ्यावर टेकवते आणि थांबते. पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा एकदा वाचते. मग दाबते.

मित्रांनो, तुमच्याही कळफलकावर माझी एखादी बहीण असेल. कचरा दिसला तर तिला जरूर दाबा, त्यासाठीच आम्ही आहोत. फक्त दाबण्याआधी जरा कळ काढा.