डिकीची खाच

इनात्सुगींना निवृत्तीआधी एकच गोष्ट करून जायची होती. त्यांच्या कंपनीच्या गाडीची डिकी उघडली की दाराची मूठ पार वर जायची. बुटक्या, म्हाताऱ्या माणसाचा हात पोचायचाच नाही. त्यांची बायको फुमिए बाजाराची भाजी उतरवून झाली की उघड्या डिकीखाली टाचा उंचावून उभी राहायची. नव्या गाडीच्या दाराच्या बाजूच्या कडेला, खालून हाताला येईल अशी खाच, एवढंच त्यांनी आखलं होतं.

बैठकीत कोणी नवं काही ऐकत नाही, तिथे फक्त माना डोलतात. जे पटवायचं ते आधी, एकेकाच्या टेबलाशी जाऊन. इनात्सुगी सगळ्यांकडे जाऊन आले. राहिले फक्त कुसाका, पत्रा दाबणाऱ्या विभागाचे प्रमुख. त्याच आठवड्यात त्यांची आई गेली.

काळा टाय लावून इनात्सुगी त्यांच्या घरी भेटायला गेले. रिवाजाप्रमाणे पैशांचं पाकीट दिलं, उदबत्ती लावली. मग दोघं बाहेरच्या बाकावर बसले. डिकीत काही बदल करताय म्हणे, असं कुसाकांनी आपणहून विचारलं. ते राहू द्या आता, म्हणून इनात्सुगींनी हात हलवला. सुतकातल्या माणसाशी पत्र्याच्या गोष्टी काय करायच्या?

बैठकीत कुसाका शांतपणे म्हणाले, "मी हे तपशिलात आजच ऐकतोय."

झालं. कालपर्यंत हो म्हणणारे चहाच्या कपात बघू लागले. खाच पुढच्या मॉडेलवर गेली. तेव्हा इनात्सुगी कंपनीत नसणार होते.

त्यांनी कुसाकांना जिन्यात गाठलं. "तुमच्या घरी सुतक होतं हो. कसं बोलणार होतो मी?"

"दोन दिवस जो तो माझ्याशी आईबद्दलच बोलत होता, इनात्सुगीसान. तुम्हाला बघून बरं वाटलं. म्हटलं, आता कोणीतरी कामाचं बोलेल. विषयही मीच काढला."

"म्हणून आज अडवलंत?"

"छे. खाचेपाशी पत्रा फाटतो का, ते बघायला मला आठवडा हवा होता. न बघता हो कसं म्हणू?"

रागवायलाही जागा उरली नाही. घरी फुमिएने सगळं ऐकून घेतलं, देव्हाऱ्यातला नैवेद्याचा भात बदलला आणि हळूच म्हणाली, "अहो, माझं दुखणं अख्ख्या बैठकीत मांडलंत. ज्याला सांगायचं, त्याच्याशी मात्र मौन पाळलंत."

निवृत्तीनंतर त्यांनी तीच, खाच नसलेली नवी गाडी घेतली. फुमिएने जुन्या किमोनोच्या कापडाचा पट्टा शिवला. इनात्सुगींनी तो मुठीला बांधला. गाडीला असली लोंबती चिंधी दिसली की जन्मभर त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

फुमिएने पट्टा ओढला. दार सहज लागलं. पट्ट्याचं टोक मात्र फटीत अडकून बाहेर राहिलं. इनात्सुगींनी दार उघडलं, टोक आत खुपसलं, पुन्हा लावलं. टोक बाहेरच.

"राहू द्या ना," फुमिए म्हणाली.

त्यांनी दार पुन्हा उघडलं.