गाण्यातली बाई हरवली

बोरीत बबिता साउंड सिस्टीम भाड्यानं द्यायची. बचत गटाच्या वर्धापनदिनाला बायकांचा नाच होता आणि गाणं लॅपटॉपवर. सकाळी सरावाला लॅपटॉप अॅम्प्लिफायरला जोडला, तर कर्ण्यातून नुसती घुंऽऽ. चार्जर काढला की घुंघुं बंद, पण बॅटरी दहा मिनिटांत मान टाकायची.

दुखणं बबिताच्या ओळखीचं होतं. दोन्ही यंत्रांची अर्थिंग केबलमधून एकमेकींना भिडत होती. तिनं पिशवीतून दोन लाइन ट्रान्सफॉर्मर काढले. काडेपेटीएवढे, दोन्ही बाजूंना सहाशे ओहमचे. आवाज एका गुंडाळीतून दुसरीत जातो, पण मधे तार जोडलेली नसते, म्हणून घुंघुं अलीकडेच अडते. डाव्या आवाजाला एक, उजव्याला एक असे तिनं ते पत्र्याच्या डब्यात बसवले आणि दोन्ही आवाज एकत्र करून अॅम्प्लिफायरला दिले.

घुंघुं पार गेली. ढोलकी आली, पेटी आली. गाणारीचा आवाज मात्र आलाच नाही.

"आवो ताई, बाई कुठं गेली?" गटाच्या अध्यक्ष धुरपताबाईंनी विचारलं. पण बायकांचे पाय थांबेनात, तेव्हा त्यांनीच पदर खोचून गाणं उचललं. खणखणीत!

गाणं संपल्यावर बबितानं तपासलं. नुसता डावा लावला, गाणारी हजर. नुसता उजवा, तरी हजर. दोन्ही मिळून, गायब. एका ट्रान्सफॉर्मरच्या तारा उलट लागल्या होत्या. गाणारीचा आवाज दोन्हीकडे सारखाच, म्हणून सुलट नि उलट आवाज एकमेकांना खोडत होते. ढोलकी एकीकडे, पेटी दुसरीकडे, त्या वाचल्या. तिनं दोन तारांची अदलाबदल केली आणि गाणं पुन्हा लावलं. गाणारी परत आली.

बायका नाचता नाचता थांबल्या.

"हे काय केलंस?" तानुबाईनं विचारलं.

"दुरुस्त केलं की."

"कशाला? हिला आमी वळखत बी न्हाई. आमाला धुरपताबाईच पाहिजेत."

"अगं, मला दुसरं कडवं येत न्हाई," धुरपताबाई लाजल्या.

"मग पयलंच म्हणा दोनदा!"

बिघाड परत करून द्या, असं बबिताला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हसत हसत तिनं सोल्डरिंग गन पुन्हा तापवली.

दुपारी कार्यक्रमात धुरपताबाईंनी माइकवर पहिलं कडवं दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यात गटातल्या सगळ्या बायकांची नावं गुंफली, शेवटी बबिताचंही. आपलं नाव आलं तसं बबितानं कर्ण्याचा आवाज आणखी चढवला.