पाटीच्या दगडाची फिल्म

मित्रांनो, लोक पडद्याकडे बघत असतात तेव्हा त्यांच्या पाठीमागे जो घरघरत असतो, तो मी. आता माझा पट्टा सैल पडला आहे आणि दिवा कधीच गेला आहे, पण एके काळी सोळा मिलिमीटरची फिल्म माझ्यातून अशी सुळकन जायची, की लोक मला विसरूनच जायचे. प्रोजेक्टरचं कौतुक हे एवढंच.

माझा जन्म लंडनच्या एका कारखान्यात झाला. ते युद्धाचे दिवस होते. मला एका गाडीत घालून गावोगाव फिरवलं. बटाटे कसे साठवावेत, आग कशी विझवावी, असे माहितीपट मी दाखवत असे. लोकांचे चेहरे मला कधीच दिसले नाहीत, दिसल्या त्या फक्त माना. मान ताठ झाली, की कळायचं, काहीतरी मनाला लागलं. नेमकं काय लागलं, याचं मला फार कुतूहल असे, पण विचारणार कोणाला?

युद्ध संपल्यावर वेल्सच्या डोंगरातल्या ब्रिनग्लास गावाने मला विकत घेतलं. गावात शाळेच्या पाट्या आणि घरांची कौलं होतात त्या पाटीच्या दगडाची खाण होती. शाळेत शिकवणाऱ्या एलुनेदबाईंनी फिल्म मंडळ काढलं होतं. दर महिन्याला एका शनिवारी दुपारी, प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत त्या मला मांडत. एक मोठा कथापट, एक माहितीपट, एक छोटी फिल्म, असा ठरलेला बेत असे. मध्ये चहा आणि मनुका घातलेला पाव. बाईंची बोटं हलकी होती. फिल्म घालण्याआधी त्या, जिच्यासमोरून फिल्म सरकते ती माझी खिडकी मऊ ब्रशने पुसत. माझी इतकी काळजी आधी कोणी घेतली नव्हती. तिथली बोलीही मी ऐकून ऐकून शिकलो.

बाईंचे वडील इद्वाल मात्र कधी येत नसत. तीस वर्षं खाणीत दगड फोडून त्यांची छाती धुळीने भरली होती. अंधारात बसून दुसऱ्यांची रडगाणी कशाला बघायची, असं ते म्हणत.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत लंडनहून भाड्याच्या फिल्मचे जे डबे आले, त्यात एक वीस मिनिटांचा माहितीपट होता. वीस वर्षांपूर्वी आमच्याच खाणीत काढलेला. काढून नेला, पण गावाला कोणी कधी दाखवला नव्हता. बातमी पसरली आणि त्या शनिवारी खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. इद्वालही आले. पुढच्या रांगेत खाणीचे व्यवस्थापक हॅलम साहेब बसले होते. ते शाळेच्या समितीवरही होते.

मी सुरू झालो. पडद्यावर टोप्या घातलेली माणसं रांगेने बसून छिन्नीने दगडाचे पातळ पापुद्रे काढत होती. खोलीतल्या सगळ्या माना एकदम पुढे झाल्या. आणि मग माझ्या भोंग्यातून निवेदकाचा आवाज आला. त्याने सांगितलं, की हे कामगार मोठे समाधानी आहेत. दगडाच्या धुळीने काही अपाय होत नाही. त्यांना खोकला होतो तो फार वेळ उकळलेला चहा प्यायल्यामुळे.

कोणी हसलं नाही. तो माझ्या गावचा, लंडनचा आवाज होता, आणि तो माझ्याच तोंडून बाहेर पडत होता. मित्रांनो, यंत्राला लाज वाटत नाही असं समजू नका.

"त्याचा आवाज बंद कर, पोरी," इद्वाल म्हणाले.

हॅलम साहेब मागे वळले. "बाई, भाड्याने आणलेली फिल्म आहे. आहे तशी दाखवा."

बाईंची बोटं माझ्या आवाजाच्या बटणावर होती.

"चित्राला मी हात लावत नाही, साहेब," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण फिरवलं.

आता नुसती माझी घरघर. इद्वाल काठी टेकत उठले आणि पडद्याशेजारी उभे राहिले.

"आमची आई चहावरच जगली. ब्याऐंशी वर्षं. एकदा खोकली नाही," ते म्हणाले. "आता नीट बघा. हा पहिला मेरेदिथ. एकेचाळिसाव्या वर्षी गेला. शेवटी खुर्चीत बसून झोपायचा, आडवं होता येत नव्हतं. त्याच्या शेजारी तेगविन. बायबल पाठ होतं त्याला, पण स्तोत्रं गायला दम राहिला नाही. आणि हा टोपीवाला देखणा गडी म्हणजे मी."

तेवढ्यावर लोक हसले. इद्वालही हसायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. चित्र पुढे सरकत होतं, चेहरे येत होते, आणि नावं सांगायला कोणी नव्हतं. मला थांबता येईना.

तेव्हा मागच्या बाकावरून ब्लोद्वेन नावाची बाई उठली. "तू बस, इद्वाल. पुढचा माझा नवरा आहे. त्याचं मी सांगते."

मग एकामागून एक उठत गेले. हॅलम साहेब मधेच टोपी उचलून निघून गेले. ती फिल्म त्या दुपारी तीनदा चालली, आणि तिसऱ्या वेळी एलुनेदबाईंनी सगळं लिहून घेतलं. चौदा माणसं. अकरा गेलेली. प्रत्येकाचं वय.

पुढच्याच आठवड्यात बाईंना शाळेच्या समितीपुढे बोलावलं. नोकरी जाणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. नंतर त्यांनी माझी खिडकी पुसताना ब्लोद्वेनला सांगितलं, की त्यांनी स्वतःची बाजू मांडलीच नाही. फक्त तो कागद वाचला. समितीतल्या दोघांचे भाऊ त्यात होते. नोकरी राहिली. इद्वाल मात्र मार्चमध्ये गेले.

डबे परत पाठवताना बाईंनी कागदाची एक प्रत आत ठेवली होती. वर लिहिलं होतं, 'आवाज बंद करून दाखवा आणि हे वाचा.' फिल्म पाठवणाऱ्यांनी तो फेकून दिला असेल, असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

सहा वर्षांनी त्यांनी तीच फिल्म पुन्हा मागवली. डबा उघडला, तर झाकण नीट बसत नव्हतं इतके कागद आत होते. कुठल्या कुठल्या गावांतल्या मंडळांनी आपापली पानं जोडली होती. चिनी मातीची भांडी घडवणाऱ्या बायकांनी लिहिलं होतं, की आमच्याकडेही पांढरी धूळ आहे आणि आमचे साहेबही चहालाच दोष देतात. कापूस पिंजणाऱ्यांनी नावं दिली होती. एका पानावर नुसतंच होतं: 'माझे वडील. वय अडतीस. तुमच्या गावाला नमस्कार.' एलुनेदबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी एकेक पान मोठ्याने वाचलं. खोलीत तेव्हा त्या आणि मी, दोघंच होतो.

पुढे घरोघरी टीव्ही आले. मंडळ मोडलं. मी कपाटात गेलो, वर प्रार्थनेच्या पुस्तकांचे गठ्ठे आले. उंदरांनी माझी वायर कुरतडली. दगडाची धूळ माणसं मारते, हे सरकारने मान्य केलं ती बातमी मी कपाटाच्या बंद दारामागून ऐकली. बाहेर कोणीतरी रेडिओ लावला होता. एलुनेदबाई तेव्हा म्हाताऱ्या झाल्या होत्या.

मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. माझे भाग आता मिळत नाहीत. पण तुमच्या घरात जुनी रिळं असतील, जुने फोटो असतील, तर ते पुसून कोरड्या जागी ठेवा. आणि त्यातली माणसं ओळखणारं कोणी अजून हयात असेल, तर त्याच्याजवळ आज जाऊन बसा. चित्र पुष्कळ टिकतं. नावं सांगणाऱ्याचा दम तेवढा टिकत नाही.