एक जूनच्या दोघी

...आणि तो पांढरा चौकोन अजून लुकलुकतोच आहे, काळ्या पडद्याच्या तळाशी, जागचा न हलता. काम चालू आहे की अडकलंय, कळायला मार्ग नाही. रविवार सकाळपासून सुनेत्रा परदेशात, हार्लेममधल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून चिपळूणच्या दवाखान्यातला बाबांचा कॉम्प्युटर दुरून चालवत होती. लिनक्स कालच बसलं होतं. आता त्यावर पेशंटच्या नोंदी ठेवणारं हे सॉफ्टवेअर – फुकट, कुणीही घ्यावं असं, आणि भलतं हट्टी. डेटाबेस जुना म्हणून अडलं, नवा घातला तर परवानगी नाही म्हणून अडलं... मान भरून आली होती. चहा केव्हाच गार झाला होता.

गेल्या महिन्यात बाबांनी सल्फाची ॲलर्जी असलेल्या बाईला सल्फाच लिहून दिलं. तिनंच चिठ्ठी परत आणली म्हणून निभावलं. फोनवर बाबा हसत सांगत होते, आणि मग हसणं मध्येच थांबवून म्हणाले, "विसरायला होतं गं हल्ली. बंद करू का दवाखाना?" कॉम्प्युटर ठेवील लक्षात, मी बसवून देते, असं ती घाईघाईनं म्हणाली – कारण दवाखान्याशिवायचे बाबा, सकाळी दहा वाजता घरातच बसलेले बाबा, तिला डोळ्यांपुढे आणवेनात.

चौकोन हलला. झालं एकदाचं. आनंद वगैरे काही नाही, नुसतं आडवं व्हावंसं वाटलं.

"बाबा, दोन-चार पेशंट घालून बघा."

फोनवर त्यांचा आवाज, पडद्यावर एकेक अक्षर. "ही खेर्डीची साधना शिर्के, सल्फावाली." जन्मतारीख एक जून. "ही पेठमापची साधना शिर्के." एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. बाबांची स्वतःचीही तीच. लगेच लाल चौकट आली: हा पेशंट आधीच नोंदलेला आहे, एकत्र करायचे? बाबांचा बाण थोडा वेळ घुटमळला. मग 'हो'वर गेला. दोघींची एक झाली, आणि सल्फाचा शेरा नाहीसा झाला.

म्हणजे इतक्यात विसरलेसुद्धा... तिनं फोन जवळ ओढला.

"बाबा, या दोघी वेगळ्या ना?"

"वेगळ्याच. दोघींची बाळंतपणं मी केलीत."

"मग?"

"ते एकच म्हणालं. म्हटलं, मीच चुकत असेन. तू बसवलंयस ना."

नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, हे तिनंच ठरवून दिलं होतं, विचारसुद्धा न करता. इथे हाउसआर्ट्सकडे म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, औषधांच्या दुकानात, आधी तारीख विचारतात, मग तोंडाकडे बघतात – आणि इतक्या वर्षांत तेच अंगवळणी पडलेलं. बदलायला पाच मिनिटं पुरली असती.

"तुमचंच बरोबर होतं, बाबा. चूक माझी आहे."

"असेल, असेल," ते म्हणाले. समजूत काढणाऱ्याला आजारी माणूस म्हणतो तसं. "उद्यापासून सुरू करू ना? तू सांगशील तसं."

तिनं गार चहाचा कप दूर सारला. यापुढे त्यांना बरोबर आठवलं तरी ते आधी मला विचारणार... खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सकाळपासून ती कामानं दमली होती. आता तिला बाबांच्या या विश्वासाची भीती वाटत होती, आणि ते पलीकडे शांतपणे वाट बघत होते.