रंगाच्या गुठळ्या

“बाई, ही स्लाइड कुणी करायला सांगितली होती?” सरांनी पडद्यावरची नजर न हटवता विचारलं.

“कुणी नाही. दर वेळी करतेच मी.”

पडद्यावर हिरव्या ठिपक्यांचे झुबके होते. हा नवा मायक्रोस्कोप पेशीतला रंगाचा कण न् कण वेगळा लुकलुकायला लावायचा. संगणक एकेक जागा टिपायचा आणि हजारो ठिपक्यांतून चित्र उभं राहायचं. पेशीच्या कडेला प्रथिनं अशी झुबक्यांनी बसतात, हा सरांचा शोध. लेख छापायला गेला होता, तपासायची प्रत आज टेबलावर आली होती. पण लेखातलं चित्र काढलं त्याच दिवशी बाईंनी केलेल्या आणि आजवर कुणी न पाहिलेल्या या स्लाइडवर प्रथिनाला धरणारं द्रावण घातलेलंच नव्हतं. नुसता रंग होता. तरी झुबके तसेच.

“त्या दिवशी रंगाची कुपी गरगर फिरवून गुठळ्या तळाशी बसवायचं यंत्र बंद होतं, सर. म्हटलं, एक दिवस कुपी नाही फिरवली तर काय बिघडतंय? गुठळ्या तशाच राहिल्या रंगात. हे प्रथिन नाहीच. चूक माझी आहे.”

सर हसले. “तुम्ही स्लाइडी करा, अर्थ आम्ही लावतो. ही धुऊन टाका.”

“धुऊन?”

“मग काय, चौकट करून भिंतीवर लावणार?”

ज्या विद्यार्थिनीची पदवी या चित्रावर अडली होती, ती नखं बघत बसली होती. पिपेट कशी धरायची, हे तिला बाईंनीच शिकवलं होतं. ती पुटपुटली, “जाऊ दे ना मावशी. सगळेच करतात थोडंफार.”

प्रयोगशाळेतल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी मेलेल्या उंदरांचे पिंजरे उपसले होते, नासलेल्या पेशींच्या बाटल्या धुतल्या होत्या. नाकाला कधी रुमाल लावला नव्हता. आज या स्वच्छ, थंडगार खोलीत सरांच्या अत्तराचीही शिसारी आली. हेच चित्र पहिल्यांदा पाहून आपण टाळ्या पिटल्या होत्या, त्याचीही.

आधीच्या सरांच्या वेळी एक साधा मायक्रोस्कोप होता. पेशी म्हणजे हिरवट धुकं. ते म्हणायचे, “दिसत नाही ना? मग लिहा, दिसत नाही.” बाई तसंच लिहायच्या.

“आणि एक विसरू नका,” सर म्हणाले, “या खेपेला तुमचं नाव घातलंय लेखात. सहावं. आजवर नुसते आभार मानायचे ना सगळे?”

“काढा ते.”

“वेड लागलंय का?”

बाईंनी प्रत ओढून घेतली. प्रयोगाच्या वहीत चुकलेलं खोडायची इथली रीत होती, तशीच सहाव्या नावावरून एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही केली, तारीख घातली. कारण लिहिलं: रंगाची कुपी फिरवली नव्हती.

“दुसरी प्रत काढता येते मला,” सर म्हणाले.

“काढा. तिच्यावरही खोडीन.”

घरी पोचल्यावर त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला.

“दादा, माझं नाव छापून येणार म्हणून कुणाकुणाला सांगितलंस रे?”

“अख्ख्या इमारतीला! का गं?”

“मग जिने चढ पुन्हा. नाही येणार म्हणून सांग.”

“अगं, पण झालं काय?”

“काही नाही. चुकून पडलं होतं,” बाई म्हणाल्या आणि दादाचे गुडघे कसे आहेत ते विचारू लागल्या.